शनिवारचे तिकीट

पडद्यावर दिसते आहे ते माझ्या स्कोअरच्या वहीतले एक पान आहे. तारीख ३० सप्टेंबर २०२२, स्थळ सिॲटलचे टी-मोबाइल पार्क, सामना मरिनर्स विरुद्ध ओकलंड ॲथलेटिक्स. सगळे पान पेन्सिलीने भरलेले आहे, कारण बेसबॉलची नोंद ठेवताना खोडण्याची वेळ वारंवार येते. नवव्या इनिंगच्या रकान्याशी, लुईस टोरेन्सच्या नावाखाली, दाटीवाटीने कॅल रॉली असे लिहिले आहे. अंगठा दुखावल्यामुळे त्या संध्याकाळी बाकावर बसलेला हा कॅचर ऐन वेळी टोरेन्सच्या जागी बॅटिंगला आला. दोन्ही संघांची एकेक धाव झाली होती, दोन खेळाडू बाद झाले होते, आणि तीन बॉल, दोन स्ट्राइक अशा, पुढचाच चेंडू निर्णायक ठरू शकेल अशा अवस्थेत त्याने मारलेला चेंडू उजवीकडच्या फाउल लाइनला लगटून इतका उंच गेला, की तो आत पडणार की बाहेर हे कळेपर्यंत सारे मैदान श्वास रोखून उभे होते. चेंडू आत पडला. होम रन झाला की खेळाडूच्या चौकटीत छापलेला छोटा हिरा पूर्ण काळा करायचा, अशी रीत आहे. हा हिरा काळा करताना पेन्सिलीच्या टोकाने कागद फाटला. ते भोक अजून तसेच आहे.

त्या एका फटक्याने मरिनर्स २००१ नंतर प्रथमच प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये पोहोचले. उत्तर अमेरिकेतल्या चार मोठ्या व्यावसायिक खेळांमध्ये इतका लांबलेला दुष्काळ त्या घटकेला दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेला नव्हता. मी पुण्याहून नोकरीसाठी इकडे आले ते २००६ मध्ये, म्हणजे माझे सिॲटलमधले सारे आयुष्य या दुष्काळातच गेले आहे. शेजारी उभी असलेली माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. ती त्या रात्री रडत होती, आणि तिला जवळ घेणारी, आम्हा दोघींना पूर्वी कधीही न भेटलेली मागच्या रांगेतली आजीसुद्धा रडत होती.

ज्यांना या संघाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे मागे जायला हवे. मरिनर्सची स्थापना १९७७ सालची. अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल स्पर्धेतल्या तीस संघांपैकी आजवर एकदाही वर्ल्ड सीरिज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, न खेळलेला हा एकमेव संघ आहे. २००१ मध्ये, इचिरो सुझुकीच्या पहिल्याच हंगामात, त्यांनी १६२ पैकी ११६ सामने जिंकून १९०६ च्या शिकागो कब्जच्या विक्रमाशी बरोबरी केली, आणि तरीही अमेरिकन लीगच्या, म्हणजे स्पर्धेच्या दोन गटांपैकी आमच्या गटाच्या, अंतिम मालिकेत न्यूयॉर्क यांकीजकडून ते चार विरुद्ध एक असे हरले. त्या मालिकेचा दुसरा सामना १८ ऑक्टोबर २००१ रोजी सिॲटलमध्ये झाला. २०२२ च्या सप्टेंबरअखेरपर्यंत तरी या मैदानावर झालेला तो शेवटचा प्लेऑफ सामना होता.

नंतरच्या काळाचे एकच नाव सांगायचे, तर मी पिचर, म्हणजे गोलंदाज, फेलिक्स हर्नांडेझचे सांगेन. २००५ ते २०१९ अशी पंधरा वर्षे तो फक्त मरिनर्ससाठी खेळला. २०१० मध्ये त्याला सर्वोत्तम पिचरला दिला जाणारा साय यंग पुरस्कार मिळाला. १५ ऑगस्ट २०१२ रोजी त्याने टॅम्पा बेच्या सत्तावीस फलंदाजांपैकी एकालाही पहिल्या बेसपर्यंत पोहोचू न देता परिपूर्ण सामना टाकला. त्याच्या पाळीच्या दिवशी डाव्या कोपऱ्यातले प्रेक्षक पिवळे टी-शर्ट घालून, हातात के या अक्षराचे, म्हणजे स्ट्राइकआउटच्या खुणेचे, फलक धरून बसत. त्यांत आम्हीही असू. एवढा मोठा पिचर, पण प्लेऑफमध्ये एक चेंडूही न टाकता निवृत्त झाला. २६ सप्टेंबर २०१९ च्या त्याच्या अखेरच्या सामन्यात तो मैदान सोडताना डोळे पुसत होता, तेव्हा माझ्या मनात आले, की आपण या माणसाचे देणे लागतो आणि ते फेडण्याची संधी आता गेली.

गेल्या वर्षी ९० सामने जिंकूनही शेवटच्या दिवशी दार बंद झाले. यंदा तर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात २९ विजय आणि ३९ पराभव अशी गत होती, आणि मी मनातल्या मनात हंगाम गुंडाळून ठेवला होता. पण त्यानंतरच्या पंचवीस सामन्यांपैकी बावीस त्यांनी जिंकले, त्यांतले शेवटचे चौदा सलग. त्याच ओघात जुलैमध्ये टोरांटो ब्लू जेजचा संघ इथे चार सामने खेळायला आला आणि चारही हरून गेला. व्हँकुव्हर इथून दोन-तीन तासांच्या अंतरावर असल्यामुळे टोरांटोचे चाहते अशा वेळी निळे शर्ट घालून आमचे मैदान निम्मे व्यापतात, आणि आपल्याच घरात पाहुण्यांचा जयघोष ऐकावा लागतो. म्हणून त्या चार विजयांची गोडी वेगळी होती.

आता गाठ त्याच टोरांटोशी आहे, आणि माझ्या काळजीचे मूळ इथेच आहे. या वर्षापासून, म्हणजे २०२२ पासून, प्लेऑफची रचना बदलली आहे. प्रत्येक लीगमधून सहा संघ येतात आणि वाईल्ड कार्डची, म्हणजे पहिली, फेरी तीन सामन्यांची असते, परंतु ते तिन्ही सामने वरच्या मानांकनाच्या संघाच्या मैदानावर होतात. टोरांटोने ९२ सामने जिंकले, आम्ही ९०. दोन विजयांच्या फरकाने सगळे सामने टोरांटोच्या रॉजर्स सेंटरच्या छपराखाली, हजारोंच्या कोलाहलात होणार आहेत. तिथे दोन सामने हरलो, तर एकवीस वर्षांनी आलेला प्लेऑफ या शहराला आपल्या घरी एकदाही न पाहता संपून जाईल.

आमचे सिॲटलचे मैदान उभे राहिले तेच मुळी एका ऑक्टोबरमुळे, म्हणून ही बोच अधिक खोल आहे. ८ ऑक्टोबर १९९५ रोजी, किंगडोम या आमच्या जुन्या मैदानात, यांकीजविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेच्या पाचव्या सामन्यात अकराव्या इनिंगला आमच्या एडगर मार्टिनेझने डावीकडे डबल, म्हणजे दोन बेसचा फटका, मारला आणि केन ग्रिफी ज्युनियर पहिल्या बेसवरून धावत सुटला तो थेट घरी पोहोचूनच थांबला. त्या क्षणाचे डेव्ह नीहाउस यांचे रेडिओवरचे समालोचन आणि त्यातले ते ‘माय ओ माय’ इथल्या माणसांना तोंडपाठ आहे. संघ शहर सोडून जाण्याची भीती तेव्हा खरी होती. त्याच महिन्यात राज्याच्या विधिमंडळाने नव्या मैदानासाठी पैशाची तरतूद केली आणि १९९९ च्या जुलैमध्ये ते खुले झाले. बाजूच्या रुळांवरून मालगाडी जाताना तिचा भोंगा भर सामन्यात घुमतो. तो भोंगा ऑक्टोबरच्या सामन्यात ऐकायचा आहे, एवढेच माझे मागणे आहे. नीहाउस २०१० मध्ये गेले. त्यांना तो पुन्हा ऐकायला मिळाला नाही.

आशेला जागा आहे, आणि ती भाबडी नाही. पहिल्या सामन्यात चेंडू आमचा पिचर लुईस कास्तियोच्या हातात असेल. जुलैच्या अखेरीस सिनसिनाटीकडून त्याला आणताना संघाने आपले उमलते तरुण खेळाडू देऊन टाकले, आणि सप्टेंबरमध्ये त्याच्याशी पाच वर्षांचा, १० कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. त्याचा चेंडू शेवटच्या क्षणी फलंदाजाच्या अंगावर वळतो आणि हातात बॅटचा दांडा झिणझिणत राहतो. शिवाय हा संघ अटीतटीच्या वेळी डगमगत नाही. एका धावेच्या फरकाने सुटलेले चौतीस सामने त्यांनी यंदा जिंकले आहेत.

चिंतेची यादी मात्र झोपू देत नाही. एकवीस वर्षांचा हूलियो रॉड्रिगेझ पाठीच्या दुखण्यातून उठून नुकताच परतला आहे. पहिल्याच वर्षी अठ्ठावीस होम रन मारणाऱ्या या मुलाची पाठ सलग सामन्यांचा ताण सोसेल का? युहेनियो सुआरेझचे बोट नुकतेच मोडले होते, आणि रॉलीच्या अंगठ्याची गोष्ट सांगून झालीच आहे. समोर पहिल्या दिवशी टोरांटोचा पिचर ॲलेक मनोआ आहे, सोळा विजय मिळवलेला. दुसऱ्या दिवशी आमच्याकडून रॉबी रे टाकेल. गेल्या वर्षी तो टोरांटोकडूनच खेळून साय यंग जिंकला, त्यामुळे त्यांचे फलंदाज गुरेरो, बिशेट आणि स्प्रिंगर त्याला चांगले ओळखतात. त्याचा एखादा चेंडू मधोमध राहिला तर ते सोडणार नाहीत. मला खरी धास्ती या दुसऱ्या सामन्याची आहे.

माझ्या फोनमध्ये शनिवार, १५ ऑक्टोबरची दोन तिकिटे आहेत. पुढच्या फेरीतला तिसरा सामना, ह्यूस्टन ॲस्ट्रोजविरुद्ध, इथे सिॲटलमध्ये. संघ टोरांटोत हरला तर तो सामना होणार नाही आणि पैसे परत येतील. ह्यूस्टनने यंदा १०६ सामने जिंकले आहेत, पण त्यांची भीती बाळगण्याची पाळी यावी, हेच आज आमच्यासाठी मोठे सुख ठरेल. मुलगी दिवसातून दोनदा तरी ते तिकीट उघडून पाहते. काल तिने विचारले, “आई, घरी एक तरी सामना होईल ना?” मी तिला होईल असे म्हणाले नाही. कास्तियो चांगला टाकतो, इतकेच सांगितले.

आज ६ ऑक्टोबर २०२२, गुरुवारची रात्र. उद्या टोरांटोत दुपारचे चार वाजून सात मिनिटे होतील तेव्हा इथे एक वाजून सात मिनिटे झालेली असतील. मी रजा घेतली आहे. वहीचे नवे पान उघडून त्यावर तारीख आणि मैदानाचे नाव लिहून ठेवले आहे. फलंदाजांचा क्रम उद्या कळेल, पण मुलीने पहिल्या ओळीत हूलियोचे नाव आत्ताच घातले आहे, पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने.