सिमी: समुद्राच्या तळातून वर आलेलं बंदर

ऱ्होड्सहून निघालेली बोट वळसा घेते आणि सिमी या ग्रीक बेटाचं यालोस बंदर एकदम समोर उभं राहतं. पिवळी, गेरूच्या रंगाची, फिकट निळी घरं, त्यांचे त्रिकोणी माथे, थेट पाण्यापासून डोंगरावर चढत गेलेली. पण आजूबाजूला पाहा. नदी नाही, ओढा नाही, सगळा खडक. पिण्याचं पाणीसुद्धा इथं वर्षानुवर्षं जहाजानं यायचं. मग एवढी श्रीमंती आली कुठून?

स्पंजातून. समुद्राच्या तळाशी वाढणारा हा मऊ जीव, वाळवून अंग घासायला वापरतात तो.

हातात चपटा, जड दगड धरायचा, छाती भरून श्वास घ्यायचा आणि उडी मारायची. दगडच खाली नेतो. तळाशी स्पंज कापून जाळीत भरायचे आणि दोरीला हिसका द्यायचा, की वरचे साथीदार भराभर ओढून घेतात. सिमीचे पाणबुडे पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तांब्याच्या शिरस्त्राणाचा पोशाख आला, नळीतून हवा आली. माणूस खोल जाऊन बराच वेळ थांबू लागला. माल वाढला, घरांवर मजले चढले. पण झपाट्यानं वर आलं की अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, हे कुणाला ठाऊक होतं? धडधाकट तरुण लुळे होऊन परतले. काही परतलेच नाहीत.

१९०० साली सिमीच्याच कॅप्टन दिमित्रिओस कोंदोसची स्पंजवाली बोट वादळामुळे अँटिकिथेरा बेटापाशी थांबली. त्याचा पाणबुडा इलियास स्टाडिआटिस सुमारे ४५ मीटर खाली गेला आणि घाबराघुबरा वर आला. खाली म्हणे प्रेतांचा खच, माणसं, घोडे! कोंदोस स्वतः उतरला आणि वर आला तो ब्राँझचा हात घेऊन. ते पुतळे होते, बुडालेल्या प्राचीन जहाजातले. त्याच जहाजातून निघालं दातेरी चाकांचं ते यंत्र, दोन हजार वर्षांपूर्वी ग्रहणांचं गणित मांडणारं. आज ते अथेन्सच्या संग्रहालयात आहे. त्याची कीर्ती जगभर झाली. सिमीच्या पाणबुड्यांचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही.

बंदरातून वरच्या गावात जाते ती काली स्ट्राटा, सुमारे ५०० पायऱ्यांची. वाटेत छप्पर उडालेले वाडे दिसतात. १९१२मध्ये इटलीचा अंमल आला, स्पंजाचा धंदा बसला, माणसं परदेशी पांगली. दुसऱ्या महायुद्धात बेट जर्मनांच्या ताब्यात गेलं. ८ मे १९४५ रोजी त्यांनी डोडेकनीज बेटांची, म्हणजे सिमी ज्यातलं एक आहे त्या बेटांच्या समूहाची, शरणागती लिहून दिली ती बंदराच्या धक्क्यावरच्या एका घरात. पुढं १९४८मध्ये ही बेटं रीतसर ग्रीसची झाली.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला पानोर्मितिसचा मठ आहे, देवदूत मिखाएलचा. दर्यावर्दींचा हा राखणदार. दूरवरचे भाविक नवसाची चिठ्ठी बाटलीत घालून समुद्रात सोडतात. लाटांनी इथवर आणलेल्या बाटल्या मठाच्या संग्रहालयात मांडून ठेवल्या आहेत. पत्ता नाही, तिकीट नाही!