पायऱ्या आहेत, वाडा नाही

दिवाडीची फेरीबोट जुन्या गोव्याच्या धक्क्याला लागते. स्कूटरी, पिशव्या सावरणाऱ्या बायका, शाळेची मुलं, सगळी एका दगडी कमानीखालून पुढे सरकतात. मान वर करून बघणारा एखादाच. ही व्हाइसरॉयची कमान. १५९९ च्या सुमारास पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिश्कु द गामाने पणजोबा वास्कोच्या स्मरणार्थ ती उभारली. आज दिसते ती १९५४ साली पुन्हा बांधलेली. पण कोनाड्यातला वास्को नदीकडेच बघतो आहे. लिस्बनहून आलेला नवा व्हाइसरॉय इथे उतरायचा, आणि वाजतगाजत शहरात शिरायचा.

कमान ओलांडली की डाव्या हाताला सां काजेतानचं चर्च. त्याच्या आवारात, हिरवळीवर, काळ्या दगडाची एक चौकट उभी आहे. खाली पायऱ्या, वर कोरीव खांब आणि आडवी शिळा, बाजूला जाळीचे थोडे तुकडे. नवखा माणूस विचारतो, देऊळ होतं का इथे? घडण आहे खरी देवळासारखी.

ही आदिलशहाच्या वाड्याची खूण. विजापूरकरांचा हा नदीकाठचा किल्लेवजा वाडा २५ नोव्हेंबर १५१० रोजी पोर्तुगीज सेनानी आफोंस द आल्बुकेर्कने शहराबरोबर जिंकला. गव्हर्नर मात्र आधी आदिलशहाच्याच दुसऱ्या वाड्यात राहिले, आणि १५५४ मध्ये इकडे आले. त्या रिकाम्या वाड्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांना शिक्षा करणारं न्यायालय, आलं. लोक त्याला नुसतं ‘व्होडलें घर’, मोठं घर, म्हणत. नाव घ्यायलाही भीती वाटावी असं ते घर.

इकडे नदीकाठी थाट वाढत गेला. युरोपीय प्रवासी दोन दालनांची वर्णनं करतात. एकात पोर्तुगालहून आलेल्या आरमारांची चित्रं, दुसऱ्यात व्हाइसरॉयांची. भेटीला आलेला वकील आधी जहाजं मोजणार, मग एकामागून एक राज्यकर्त्यांचे चेहरे बघणार. खऱ्या व्हाइसरॉयसमोर पोचेपर्यंत निम्मा नमलेला असणार. व्यक्तिचित्रांची ही प्रथा १५४७ मध्ये गव्हर्नर जुआंव द काश्त्रुने सुरू केली. बखरकार गाश्पार कोर्रैय्याच्या देखरेखीखाली ती रंगवली इथल्याच एका चित्रकाराने. राज्यकर्त्यांची नावं पाटीवर आहेत; त्याचं नाव नाही. त्या मालिकेतली चित्रं आज जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात बघायला मिळतात.

हा थाट एकदा चांगलाच हादरला. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजीराजांच्या फौजेने जुवे बेट घेतलं. राजधानी इथून हाकेच्या अंतरावर! व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर धावला तो सेंट झेवियरच्या शवपेटीकडे, आणि आपला राजदंड संताच्या हाती ठेवून मोकळा झाला. शहर वाचलं, पण राजधानी मुरगावला हलवायची खटपट लगोलग सुरू झाली.

शेवटी वाडा ओस पाडला तो साथींनी. माणसं मरत होती, उरलेली निघून जात होती. १६९५ मध्ये व्हाइसरॉय जवळच्या पणेलीला राहायला गेला. १८२० साली वाडा पाडून त्याचं सामान पणजीच्या बांधकामांना नेलं.

दार तेवढं राहिलं. रविवारी पर्यटकांची मुलं पायऱ्या धावत चढतात, चौकटीतून पलीकडे डोकावतात, आणि पलीकडे परत गवतच बघून बाजूने उतरून येतात.