बागुलबुवाची खुर्ची

(नव्याने पदभार घेतलेल्या उपमुख्याध्यापक आणि पर्यवेक्षकांपुढे दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

आत्ता माझी ओळख करून देताना सरांनी ‘कडक शिस्तीच्या बाई’ असा शब्द वापरला. रागावत नाही, सवय आहे. एकदा बाजारात एक आई धाकट्याला वेफर्सच्या दुकानापासून ओढत होती. मला बघून म्हणाली, “चल गपगुमान, त्या बघ बाई आल्या.” पोरगं जेमतेम चार वर्षांचं. आमच्या शाळेत यायला त्याला अजून सहा वर्षं होती. तेव्हा समजलं की आपण उपमुख्याध्यापक नाही, गावाचा बागुलबुवा झालोय.

तुमच्यातल्या बहुतेकांची गोष्ट माझ्यासारखीच असणार. सेवाज्येष्ठतेच्या यादीत नंबर लागला, संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, पद टिकलं, संस्थेचा आदेश आला. काल भूगोल शिकवत होतात, आज वेळापत्रक, बदली तास, परीक्षा विभाग आणि वर ‘मुलांचं जरा बघा’. या ‘जरा बघा’साठी बी.एड.ला पेपर नव्हता. मग आपण काय करतो? आपले जुने सर जे करायचे तेच. आवाज चढवायचा, जिन्यात उभं राहायचं, डोळे वटारायचे. माझी पहिली दोन वर्षं यातच गेली. घसा बसायचा, दुसरं काही घडायचं नाही.

तिसऱ्या वर्षी मी एक दोनशेपानी वही केली. वर्गाबाहेर काढलेलं किंवा माझ्याकडे पाठवलेलं प्रत्येक मूल तिच्यात लिहायचं. तारीख, तासिका, तुकडी, कशासाठी. मुलाचं नाव मुद्दाम शेवटच्या रकान्यात. नाव आधी लिहिलं की आपण नावापाशीच थांबतो. “हा ना? हा असलाच.” झालं, चौकशी संपली.

दिवाळीच्या सुट्टीत घरी वही उघडून बसले. अर्ध्याहून जास्त नोंदी एकाच तासिकेतल्या. पाचवी तासिका, लांब सुट्टीनंतरची. आणि त्यातही सगळ्यात जास्त आठवीच्या. शिक्षक-खोलीत आठवीबद्दल एकमत होतंच: बॅचच उनाड आहे. माझंही तेच मत होतं. पण बॅच उनाड असेल तर दुसऱ्या तासिकेला ती शहाणी कशी होते, हे काही वहीत सापडेना.

दिवाळीनंतर एक दिवस लांब सुट्टीत मी पेला घेऊन पाण्याच्या टाकीपाशी रांगेत उभी राहिले. आमच्या शाळेत जिन्याच्या प्रत्येक वळणावर सुविचार रंगवलेले. टाकीवर ‘पाणी हेच जीवन’. त्याखाली बारा तोट्या. त्यातल्या चार चालू, एक सतत गळणारी, बाकीच्यांना लाकडी खुंट्या ठोकलेल्या. पोषण आहार पाचवी ते आठवी, वाढप पाचवीपासून सुरू. छोट्यांना आधी द्यावं हा विचार चांगलाच होता. म्हणजे आठवी शेवटी जेवणार, शेवटी ताट धुवायला येणार, आणि तेव्हाच नववी-दहावी पाणी प्यायला येणार. चार तोट्या. घंटा व्हायची तेव्हा आठवीतली पंधरा-वीस पोरं खरकटी ताटं हातात घेऊन ढकलाढकली करत असायची. मग धावत वर. तिथं वर्गात शिरलेले सर, “या राजे, आता आलात?” एखादं पोर उलट बोललं की बाहेर. बाहेर काढलेलं पोर माझ्याकडे. मी चढलेल्या आवाजात पाच मिनिटं नीतिपाठ देणार.

त्या दिवशी रांगेत माझ्या पुढे असलेला एक जण ताट छातीशी धरून बाजूला झाला. म्हणाला, “बाई, तुम्ही व्हा म्होरं. आमाला काय, भाईरच हुबं ऱ्हायचंय.” उद्धटपणा अजिबात नव्हता. पावसाचं सांगावं तसं सांगितलं.

प्लंबर आणायला मला सव्वा महिना लागला. शिक्षण क्षेत्रात बदल घडवणं अवघड असतं असं म्हणतात. आठ तोट्यांच्या खर्चावर तीन सह्या मिळवणं त्याहून अवघड असतं, एवढं मी अनुभवाने सांगते. मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, तुम्ही शिस्तीचं बघताय ना, मग तोट्या कशाला?” शेवटी तोट्या बसल्या. वाढपाचा क्रम एक दिवस पाचवीपासून, एक दिवस आठवीपासून केला. खिचडीवाल्या मावशींचा विरोध होता, त्यांचा अंदाज चुकायचा. त्यांच्याशी दोनदा बसून बोलावं लागलं. मार्चमध्ये शिक्षक-खोलीत कुणीतरी सहज म्हणालं, “आठवी या वर्षी जरा सुधारली हं.” तोट्यांचं नाव कुणी काढलं नाही. मीही काढलं नाही.

वहीने दाखवलेली दुसरी गोष्ट दाराशी होती. परिपाठ सुरू झाला की फाटक बंद, हा आमचा जुना नियम. रोज तीस-चाळीस मुली फाटकाबाहेर उन्हात. सगळ्या दोन वाड्या-वस्त्यांच्या, अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासावर एसटीने येणाऱ्या. एसटी परिपाठ सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी पोचायची आणि आम्ही मुलींना वक्तशीरपणा शिकवत होतो. आगारप्रमुखांना दोन पत्रं दिली, गाडी काही हलली नाही. मग परिपाठ दहा मिनिटं पुढे सरकवला. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ही तर शरणागती झाली. झाली असेल.

आता शिक्षकांकडे येते, कारण या खुर्चीचं खरं काम मुलांपेक्षा मोठ्यांशी असतं आणि तेच आपण टाळतो. एखाद्या तुकडीला एक सर टोपी घालून बसू देतात, दुसरे टोपी खिडकीबाहेर फेकतात, तिसऱ्यांना टोपी दिसतच नाही. मुलं यातून नियम शिकत नाहीत, माणसं ओळखायला शिकतात. मी कमी नियम ठेवले, पाचच. पण ते पाच शिक्षकांच्या बैठकीत भांडून ठरवले. मोबाइलवर दोन तास गेले. जो नियम सगळे पाळून घेणार नाहीत तो लिहायचाच नाही, असं ठरलं. त्यात गृहपाठाचा माझा आवडता नियम उडाला. काय करणार!

आणि ‘बाईंकडे पाठवते हं तुला’ हे बंद करायला सांगितलं. पाठवायला हरकत नाही, पण पाठवताना चिठ्ठीवर एक ओळ: काय झालं आणि तुम्ही आधी काय केलंत. दुसरा भाग लिहिताना बऱ्याच चिठ्ठ्या फाटल्या, असं शिपाईमामा मला सांगायचे. माझ्याकडूनही एक बंधन होतं. मूल दहा मिनिटांत वर्गात परत जाणार आणि मधल्या सुट्टीत मी त्या शिक्षकांना भेटणार. नाहीतर होतं काय, पोर ऑफिसच्या बाकावर तास-दोन तास बसतं, येणाऱ्या-जाणाऱ्या पालकांची गंमत बघतं, गणित बुडतं. मग पुढच्या तासाला त्याला काही कळत नाही, म्हणून ते पुन्हा चुळबुळ करतं.

आता जे सांगणार आहे ते सांगावं की नाही, याचा येताना गाडीत विचार करत होते.

नववीच्या एका तुकडीत सहलीचे पैसे हरवले. वर्गशिक्षक घाबरलेले. तुकडीत एक मुलगा होता, आधी एकदा कुणाचं तरी पेन उचलताना सापडलेला. मी वर्गात गेले, त्याला उभं केलं आणि त्याचं दप्तर बाकावर उपडं केलं. सगळ्या वर्गासमोर. डब्याचं झाकण उघडलं, चटणी सांडली, वह्यांना तेल लागलं. पैसे नव्हते. मी वह्या झटकून त्याच्या हातात दिल्या, उपकार केल्यासारख्या. दुसऱ्या दिवशी पैसे सापडले. सरांच्या कॅटलॉगच्या, म्हणजे हजेरीपटाच्या, पुठ्ठ्याच्या आत सरकलेले होते.

माझा पहिला विचार असा की त्याला ऑफिसात बोलावून ‘चूक झाली बाळा’ म्हणावं. मग वाटलं, अपमान बावन्न जणांपुढे झालाय आणि माफी बंद दाराआड? पुन्हा त्याच तासिकेला त्याच वर्गात गेले. म्हणाले, “काल मी चुकले. पुरावा नसताना याचं दप्तर उघडलं. मी याची माफी मागते.” एवढंच. पाय थरथरत होते. शिक्षक-खोलीत दोन दिवस चर्चा: बाईंनी पोरांपुढे मान खाली घातली, आता आपलं कोण ऐकणार?

त्या मुलाने मला माफ केलं असं मी तुम्हांला सांगू शकले असते, भाषणात ते शोभलंही असतं. पण तसं झालं नाही. पुढची दीड वर्षं त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. दहावी झाला, दाखला घ्यायला आला, सही केली, कागद घेतला, गेला. माझ्या सांगण्यावरून शाळेत दप्तर-झडती बंद झाली, पण त्याच्या दृष्टीने ती एक दिवस उशिरा बंद झाली.

कायद्याबद्दल थोडक्यात, कारण चहाच्या वेळी तिघांनी विचारलं. शिक्षणहक्क कायदा 2009 चा, लागू 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई आहे. ‘मानसिक’ हा शब्द आपण वाचतच नाही. छडी कपाटात गेली, पण अंगठे धरणं आणि बापाच्या धंद्यावरून टोमणे चालूच राहिले. आठवीपर्यंतच्या मुलाला काढून टाकता येत नाही, कलम 16. त्यामुळे सातवीतल्या पोराला ‘दाखला हातात देईन’ म्हणणं म्हणजे नसलेली छडी हवेत फिरवणं. कायदा सहा ते चौदा वयाचा, मग नववी-दहावीला मोकळीक का, असं एकांनी विचारलं. सर, पोर चौदाचं पंधराचं झाल्यावर त्याचा गाल बदलतो का?

आणि एक गोष्ट शिस्तीच्या वहीत लिहायचीच नाही. मुलाच्या किंवा मुलीच्या अंगाला कुणी नको तसा हात लावल्याचं कानावर आलं, तर ते प्रकरण तुमचं नाही, मुख्याध्यापकांचं नाही, संस्थेचंही नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम 21 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर वर्षापर्यंत. ‘आधी आपण आत बसून मिटवू, शाळेचं नाव जाईल’ असं म्हणणारं कुणीतरी खोलीत असतंच. त्या क्षणी आपण कनिष्ठ आहोत हे विसरायचं आणि फोन उचलायचा. 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर मुलांना दिसेल अशा ठिकाणी लावा, ऑफिसच्या आतल्या भिंतीवर नको.

समारोपात साने गुरुजींचं नाव यायलाच हवं, असं आयोजकांनी सुचवलंय. घेते, पण माझ्या पद्धतीने. गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते आणि छात्रालयाचं, म्हणजे वसतिगृहाचं, काम बघत होते. म्हणजे आपल्याच जातीचं काम, वर्गाबाहेरचं. मुलांनी अस्ताव्यस्त टाकलेल्या वस्तू ते न बोलता आवरून ठेवत आणि मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. आपण त्यांच्या मायेबद्दल बोलतो आणि डोळे पुसतो. मला त्या दैनिकाचं जास्त नवल वाटतं. रोज हाताने लिहायचं म्हणजे रोज मुलं बघावी लागतात. माया मला सगळ्या दिवशी जमली नाही, पाचव्या तासिकेला तर नाहीच. बघणं मात्र जमण्यासारखं होतं.

निवृत्त होताना ती वही, म्हणजे तोवर पाच झाल्या होत्या, मी माझ्या जागी आलेल्या सरांच्या हातात दिली. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. “बाई, सातवीने या वर्षी फार डोकं उठवलंय. बॅचच वाईट आहे.”

मी विचारलं, “कुठल्या तासिकेला?”

ते थोडं थांबले. म्हणाले, “बघून सांगतो.” अजून फोन आलेला नाही.