करार संपला, तरी माणूस आमचाच

(कँटन, ओहायो. पुतळ्यांचं दालन.)

अंधाऱ्या दालनात ओळीने मांडलेले हे ब्राँझचे चेहरे. हा फुटबॉलचा हॉल ऑफ फेम, थोर खेळाडूंचा सन्मान करणारी जागा. अमेरिकन फुटबॉलमध्ये यापेक्षा मोठा मान नाही. याच कँटन गावात १९२० साली एका मोटारविक्रीच्या दुकानात काही संघांची माणसं जमली आणि आज जिला एनएफएल म्हणतात त्या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीगची सुरुवात झाली. खुर्च्या पुरल्या नाहीत, म्हणून काही जण गाड्यांच्या फूटबोर्डवर बसले, असं सांगतात.

आता हा चेहरा. जॉन मॅकी, बॉल्टिमोर कोल्ट्स, जर्सी क्रमांक ८८. जागा टाइट एंडची, म्हणजे अंगावर धक्के घ्यायचे आणि संधी मिळाली की चेंडू झेलून सुटायचं.

(जुनी फीत. मायामी, जानेवारी १९७१.)

पाचवा सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा अंतिम सामना. चेंडू आधी एका सहकाऱ्याच्या हाताला लागतो, मग प्रतिस्पर्ध्याच्या बोटांना, आणि तिसऱ्या टप्प्याला मॅकीच्या हातात. पुढे ७५ यार्डांत त्याला कुणी गाठत नाही. पुन्हा एकदा बघा. चेंडू कुठे पडणार हे या धावेत कुणालाच ठाऊक नव्हतं. मॅकीने कुठे खेळायचं, हे मात्र मालकांनी कधीच ठरवून टाकलं होतं.

(ड्राफ्टची कृष्णधवल छायाचित्रं.)

खेळाडूला संघाशी बांधून ठेवणारा पहिला दोर म्हणजे ड्राफ्ट. सुरुवात १९३६ ची. कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या पोरांची यादी समोर ठेवायची आणि संघांनी पाळीपाळीने नावं घ्यायची. आपल्या आयपीएलच्या लिलावात निदान दोन-चार पाट्या वर होतात, भाव चढतो. इथे बोलीच नाही. ज्याने नाव घेतलं, त्या मुलाशी बोलायचा हक्क त्या एकाच संघाला. पहिल्याच ड्राफ्टमध्ये पहिलं नाव निघालं जे बरवँगर याचं. फिलाडेल्फियाने त्याचे हक्क घेतले आणि पुढे शिकागोला दिले. बरवँगर या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. नाही म्हणायचा तेवढाच मार्ग होता. खेळच सोडायचा.

दुसरा दोर करारात. मुदत संपली की संघ आपल्या मर्जीने आणखी एक वर्ष वाढवू शकत असे, तेही आधीच्या नव्वद टक्के पगारावर. ते वर्ष काढलं की कागदावर खेळाडू मोकळा. १९६१ चा हंगाम असाच काढून आर. सी. ओवेन्स सॅन फ्रान्सिस्को सोडून बॉल्टिमोरला गेला, आणि मालक मंडळींच्या पोटात गोळा आला.

लगेच, १९६३ मध्ये, तिसरा दोर वळला गेला. लीगचे प्रमुख, म्हणजे कमिशनर, पीट रोझेल यांच्या नावाने तो ओळखला जातो, रोझेल नियम. मोकळा खेळाडू घ्यायचा तर खुशाल घ्या, पण जुन्या संघाला भरपाई द्या. दोघांचं जमलं नाही तर भरपाई कमिशनर ठरवणार. आणि ती किती, हे खेळाडूची सही झाल्यानंतर कळणार. दुकानात वस्तू आधी घरी न्यायची आणि बिल महिन्याने, दुकानदाराच्या मर्जीने, असा हा व्यवहार. १९६८ मध्ये न्यू ऑर्लिन्सने डेव्ह पार्क्सला घेतलं, तेव्हा रोझेल यांनी त्यांच्याकडून त्याच वर्षी पहिल्या फेरीत निवडलेला खेळाडू काढून घेतला, शिवाय पुढच्या वर्षीची पहिली निवडही. त्यानंतर असला सौदा करायला कोण धजावणार?

आकडे न्यायालयाच्या निकालपत्रातले आहेत. १९६३ ते १९७४ या बारा वर्षांत १७६ खेळाडूंनी ते जादा वर्ष खेळून काढलं. दुसऱ्या संघात जाता आलं ३४ जणांना.

(मिनियापोलिस. बर्फ साचलेले रस्ते.)

अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासातली सगळ्यात मोठी झुंज मैदानावर झाली नाही, असं आम्हाला वाटतं. ती या शहरात झाली, न्यायालयात.

तिला वाट करून दिली होती बिल रॅडोविच नावाच्या माणसाने. डेट्रॉइटचा खेळाडू. १९४६ साली त्याचे वडील आजारी होते. लॉस एंजेलिसला, त्यांच्याजवळ राहता यावं म्हणून त्याने बदली मागितली. मालकाने नकार दिला. तो दुसऱ्या लीगच्या संघात गेला, तर एनएफएलने त्याला काळ्या यादीत टाकलं आणि पुढे चालून आलेली नोकरीही हातची गेली. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला. १९५७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की बेसबॉलला मिळालेली सूट फुटबॉलला नाही, मक्तेदारीविरोधी कायदा या धंद्याला लागू आहे. कँटनच्या दालनात रॅडोविचचा पुतळा नाही.

मॅकीने त्याच कायद्याच्या आधारे रोझेल नियमाला आव्हान दिलं. १९७० पासून तो खेळाडूंच्या युनियनचा अध्यक्ष होता. खटला ५५ दिवस चालला. साठाहून अधिक साक्षीदार आणि अकरा हजारांवर पानांची नोंद. मालकांचं म्हणणं एकच, मोकळीक दिली तर श्रीमंत संघ सगळे चांगले गडी पळवतील आणि खेळ बुडेल. डिसेंबर १९७५ मध्ये न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी रोझेल नियम बेकायदा ठरवला. पुढच्या वर्षी अपिलातही तो टिकला नाही.

आणि मग १९७७ च्या करारात युनियनने यातलं बरंचसं वाटाघाटीत परत देऊन टाकलं. भरपाई राहिली, फक्त तिचं कोष्टक ठरलं. दोर तोच, गाठ नवी.

(संपाची दृश्यं, १९८७.)

फाटकाबाहेर फलक घेऊन उभे असलेले हे मूळ खेळाडू. बसमधून आत जाणारे, तोंड फिरवून बसलेले, हे बदली खेळाडू. मालकांनी संपाच्या काळात तीन आठवडे यांच्यावर सामने खेळवले आणि टीव्हीवर दाखवले. मागणी होती मोकळ्या हालचालीची. २४ दिवसांत संप मोडला.

त्यानंतर आला प्लॅन बी. १९८९ पासून प्रत्येक संघाने आपले ३७ खेळाडू राखून ठेवायचे, उरलेले मोकळे. म्हणजे ज्यांना बाजारात भाव, ते बांधलेले; आणि जे संघालाच नकोत, ते स्वतंत्र! युनियनने मग एक विलक्षण डाव टाकला. तिने युनियन म्हणून असलेला आपला दर्जाच सोडला. कामगार संघटनेशी झालेला करार ही मक्तेदारीविरोधी कायद्यापुढे मालकांची ढाल होती. संघटनाच उरली नाही, तर ढाल धरायची कशावर?

पुन्हा मिनियापोलिस, सप्टेंबर १९९२. आठ खेळाडू वादी, पहिलं नाव न्यूयॉर्क जेट्सचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, फ्रीमन मॅकनील. ज्यूरीत आठ जणी, सगळ्या स्त्रिया. त्यांनी प्लॅन बी बेकायदा ठरवला. चौघांना भरपाई मिळाली. त्या चौघांत मॅकनीलचं नाव नव्हतं. बारा हंगाम तो एकाच संघात खेळला आणि तिथूनच निवृत्त झाला.

(ग्रीन बे, विस्कॉन्सिन. हिमवर्षावातलं लँबो फील्ड.)

या दृश्यासाठी दोन दिवस थांबावं लागलं. एवढ्या थंडीत स्वखुशीने इथे कोण येईल, असं म्हणायचे. लाखभर वस्तीचं गाव, संघाचे मालक कुणी धनाढ्य नव्हे तर हजारो छोटे भागधारक. मालकांचं भाकीत खरं ठरलं असतं, तर मोकळ्या बाजारात सगळ्यात आधी हा संघ मेला असता.

मॅकनीलच्या निकालानंतर सगळ्या खेळाडूंच्या वतीने जो दावा लागला, त्यावर पहिलं नाव होतं रेजी व्हाइट. फिलाडेल्फियाचा बचावपटू आणि धर्मोपदेशकही. जानेवारी १९९३ मध्ये मालक तडजोडीला आले. त्याच वसंतात मोठ्या शहरांनी व्हाइटला बोलावलं, मिरवलं. एप्रिलमध्ये त्याने सही केली ती ग्रीन बेशी. चार वर्षं, १ कोटी ७० लाख डॉलर.

(जानेवारी १९९७. न्यू ऑर्लिन्स, सुपर बोल.)

त्या कराराचं चौथं वर्ष. क्रमांक ९२. एक. दोन. तीन. तीन वेळा व्हाइटने क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या म्होरक्याला, आडवं केलं. ग्रीन बेला जवळपास तीन दशकांनी अजिंक्यपद मिळालं.

तडजोडीत मालकांनीही आपलं काढून घेतलं होतंच. १९९४ पासून सॅलरी कॅप आली, प्रत्येक संघाच्या खर्चाला ३ कोटी ४६ लाख डॉलरचं कुंपण. २०२५ मध्ये ते २७ कोटी ९२ लाखांवर गेलं. आणि आला फ्रँचाइज टॅग. एका खेळाडूला संघ आणखी वर्षभर अडकवून ठेवू शकतो. त्याच्या जागेवरच्या पहिल्या पाच पगारांची सरासरी किंवा त्याच्या आधीच्या पगाराच्या १२० टक्के, यात जास्त असेल ते द्यायचं. पैसा भरपूर, पण गुडघा निखळला तर पुढचं वर्ष कुणाच्या भरवशावर? २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या लेव्हियन बेलने साधारण १ कोटी ४५ लाख डॉलर नाकारून अख्खा हंगाम घरी काढला. कर्क कझिन्सने उलटं केलं. वॉशिंग्टनने दोनदा लावलेला टॅग सोसला, आणि त्याच २०१८ मध्ये मिनेसोटाकडून ८ कोटी ४० लाखांचा, पै न पै हमी असलेला करार घेतला.

(घड्याळ. मार्च महिना.)

दर मार्चच्या मध्यावर, न्यूयॉर्कच्या घड्याळात दुपारचे चार वाजले की मोकळ्या खेळाडूंचा बाजार उघडतो. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा दीड. बोलणी दोन दिवस आधीपासून चालतात, तेवढी परवानगी आहे. तिथले लोक त्याला थट्टेने कायदेशीर फूस म्हणतात. पूर्ण मोकळीक मात्र चार हंगाम भरलेल्यालाच. खेळाडूची सरासरी कारकीर्द, युनियनच्या हिशेबाने, सव्वातीन वर्षांच्या आसपास.

राहिला ट्रेड, म्हणजे संघांनी आपसात केलेली खेळाडूंची देवाणघेवाण. तिथे खेळाडूला विचारावंच लागत नाही. तशी अट करारात घालून घेणारे फार थोडे. १९८९ चा हर्शेल वॉकरचा सौदा अजून सांगितला जातो. डॅलसने त्याला मिनेसोटाला दिलं आणि बदल्यात पाच खेळाडू, शिवाय ड्राफ्टच्या निवडींची थप्पी घेतली. त्यातून डॅलस उभं राहिलं, पुढे चार वर्षांत तीनदा अजिंक्यपद जिंकलं. त्या पाचांतला डॅरिन नेल्सन म्हणाला, मी डॅलसला जाणार नाही. गेला नाही. त्याला सॅन डिएगोला पाठवण्यात आलं. या नकाराची फीत नाही, वॉकरच्या धावांची आहे, ती चालू आहे.

(पुन्हा कँटन.)

मॅकीला या दालनात जागा मिळाली १९९२ मध्ये, मॅकनीलचा निकाल लागला त्याच वर्षी. नंतर त्याची स्मृती गेली. स्मृतिभ्रंश झालेल्या माजी खेळाडूंच्या शुश्रूषेसाठी २००७ पासून जी योजना आहे, तिला त्याच्या जर्सीचं नाव आहे, ८८ प्लॅन. २०११ मध्ये तो गेला.

(निवेदन इथे थांबतं. १९७१ ची धाव, आवाजाशिवाय, शेवटपर्यंत.)