ग्रेड वन आहे, काही नाही

(तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेत एका सोनोलॉजिस्ट डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. माझी ओळख करून देताना आत्ता 'लिव्हरचे डॉक्टर' असं म्हटलं गेलं. तेवढी दुरुस्ती करतो. मी सोनोग्राफी करणारा माणूस. दिवसभर एसीच्या अंधाऱ्या खोलीत बसतो, लोकांच्या पोटावर गार जेल लावतो आणि 'श्वास घ्या, धरा, सोडा' एवढीच तीन वाक्यं बोलतो. औषधं देत नाही. पण गेल्या पंचवीस वर्षांत या तालुक्यातली जितकी पोटं मी आतून पाहिली, तितकी फार कुणी पाहिली नसतील.

मी सुरुवात केली तेव्हा माणूस सोनोग्राफीला यायचा तो मुतखड्यासाठी, नाहीतर गरोदरपणात. आजही बहुतेक जण मुतखड्यासाठीच येतात. खडा सापडतो किंवा नाही सापडत. पण रिपोर्टात सगळ्यात आधी लिव्हरचं वर्णन असतं आणि तिथं मी दिवसातून कितीतरी वेळा एकच वाक्य टाइप करतो: फॅटी लिव्हर, ग्रेड वन. पेशंट बाहेर जाऊन विचारतो, 'हे काय आहे?' आणि त्याला उत्तर मिळतं, 'ग्रेड वन आहे, काही नाही. सगळ्यांनाच असतं.'

हे उत्तर मीही कैक वर्षं दिलंय. आज त्याबद्दलच बोलायचंय.

आधी मला काय दिसतं ते सांगतो. उजव्या बरगड्यांच्या आड साधारण सव्वा ते दीड किलोचा हा अवयव असतो. त्याला चिकटून खाली उजवं मूत्रपिंड. निरोगी माणसात पडद्यावर दोघांचा करडा रंग जवळपास सारखा दिसतो. लिव्हरमध्ये चरबी साठली की ते मूत्रपिंडापेक्षा पांढरं, उजळ दिसायला लागतं. ही झाली ग्रेड वन. चरबी आणखी वाढली की आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट होतात, आणि ग्रेड थ्रीमध्ये मागचा श्वासपटलाचा पडदा दिसतच नाही. पावसाळ्यात आंबोली घाटातून गाडी चालवली असेल तर हे लगेच कळेल. धुक्यात हेडलाइट टाकला की समोर सगळं पांढरंफेक, आणि त्याच्या पुढचा रस्ता गायब.

आता गोम अशी, की ग्रेड म्हणजे फक्त चरबीचा अंदाज. त्या चरबीनं लिव्हरला इजा किती केली, हे माझ्या साध्या सोनोग्राफीला कळत नाही. चरबीमुळे काही लोकांच्या लिव्हरला सूज येते, सूज वर्षानुवर्षं राहिली की आत व्रण पडतात, व्रण वाढत गेले की लिव्हर कडक आणि गाठाळ होतं. त्याला सिरोसिस म्हणतात. ग्रेड वन असलेल्या एखाद्याच्या लिव्हरमध्ये व्रण बरेच पुढे गेलेले असू शकतात आणि ग्रेड थ्रीवाल्याचं तितकं बिघडलेलं नसू शकतं. आणखी एक विचित्र प्रकार सांगतो. सिरोसिस झाल्यावर कधी कधी चरबी निघूनच जाते. म्हणजे पाच वर्षांपूर्वी 'फॅटी' लिहिलेल्या माणसाच्या नव्या रिपोर्टात तो शब्द नसतो, आणि घरचे पेढे वाटायच्या बेतात असतात.

एवढं सगळं आत चालू असताना दुखत का नाही? लिव्हरच्या आत वेदना कळवणाऱ्या नसाच नाहीत, त्या फक्त वरच्या आवरणाला असतात. पित्ताशयातला खडा माणसाला रात्री दोन वाजता गाडीत घालून आणतो. लिव्हर वीस वर्षं गप्प बसतं. मग एक दिवस पोटात पाणी होतं किंवा रक्ताची उलटी होते. एक गंमत सांगतो. 'काळीज' हा शब्द आपण हृदयासाठी वापरतो, पण तो ज्या संस्कृत 'कालेय' शब्दावरून आला त्याचा अर्थ यकृत. मटणाच्या दुकानात मात्र जुना अर्थ शाबूत आहे. कलेजी मागा, तो बरोब्बर लिव्हरच कापून देतो.

सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे घरातल्या बाईमाणसाला हे सांगणं. पन्नाशीच्या एक बाई आल्या होत्या, सोबत सून. मी 'लिव्हरवर चरबी आहे' म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, "डॉक्टर, माळकरी घर आहे आमचं. दारूला कुणी शिवत नाही." सुनेसमोर आपल्यावर आळ आल्यासारखं त्यांना वाटलं. आपल्याकडे लिव्हर म्हणजे दारू हे समीकरण इतकं घट्ट बसलंय. हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या लुडविग आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये वीस रुग्णांचं वर्णन छापलं. दारू न पिणारी माणसं, पण लिव्हरचा तुकडा तपासला तर दारुड्याचा वाटावा. मग या आजाराचं नावच 'दारूचा नसलेला' असं पडलं. आजार कशाचा नाही ते नावात, कशाचा आहे ते गुलदस्त्यात. २०२३ मध्ये ते बदललं आणि नव्या नावात चयापचयाचा बिघाड आला. म्हणजे वाढलेली साखर, बीपी, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि पोटाचा घेर यांचंच हे भावंड.

घेरावरून पुण्याची एक गोष्ट. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. म्हणजे वजनकाट्याच्या हिशेबात दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली ठेवणच अशी: हातपाय काटकुळे, चरबी पोटात. म्हणून 'मी कुठं जाड आहे' हे वाक्य मी मनावर घेत नाही. टेप घ्या, बेंबीच्या पातळीवर धरा, पोट आत न ओढता. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईचा ८०च्या वर असेल तर सावध व्हायचं. पँटचा नंबर सांगू नका, ती आपण पोटाखाली घालतो.

मी कुणाला शिकवतोय? दहा वर्षांपूर्वी माझ्याकडे नवीन मशीन आलं. कंपनीच्या इंजिनिअरला डेमोसाठी पोट हवं होतं. पेशंट कुणी नव्हतं, मीच आडवा झालो. त्या पोराला पडद्यावरचं चित्र वाचता येत नव्हतं, तो नुसता बटणं दाखवत होता, पण मी मान वळवून पाहिलं आणि माझंच लिव्हर चुन्यानं पोतारल्यासारखं पांढरं. वजन ७८ किलो, दारू नाही, सिगारेट नाही. मग हिशेब केला. सकाळपासून सहा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. एक चमचा पाच ग्रॅमचा धरला तर साठ ग्रॅम झाले. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आसपास ठेवता आली तर उत्तम. माझा कोटा तिसऱ्या चहालाच संपत होता. साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोज, म्हणजे फळांत असते ती साखर, असतो आणि तो बराचसा लिव्हरलाच निस्तरावा लागतो. जास्तीच्या फ्रुक्टोजचं तिथं चरबीत रूपांतर होतं. म्हणजे तुपाला शिव्या घालत आपण बिस्किट चहात बुडवतो. उपवासाबद्दल मी बोलणार नाही, पुढच्या रांगेत माझी आई बसली आहे.

दारूवर थोडं बोलतो, कारण पिणारे इथंही असतील आणि न पिणाऱ्यांच्या आड त्यांना लपू द्यायचं नाही. तीस मिलीच्या पेगमध्ये साधारण दहा ग्रॅम शुद्ध दारू असते. क्वार्टर म्हणजे सहा पेग. आणि जो सांगतो 'मी हार्ड घेत नाही, फक्त बिअर', त्याच्या आठ टक्केवाल्या साडेसहाशेच्या एका स्ट्राँग बाटलीत चाळीस ग्रॅम, म्हणजे चार पेग होतात. लिव्हरला लेबल वाचता येत नाही. चरबी आणि दारू दोन्ही असतील तर नुकसान दोन्हींच्या नुसत्या बेरजेवर थांबत नाही.

काढ्यांचंही तसंच. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या लिव्हरला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर वादही झाला, आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला. माझं म्हणणं एवढंच, की काढा घेत असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. कावीळ उतरवणाऱ्या माळेबद्दल दरवर्षी विचारलं जातं. ओल्या काड्या सैल गाठींत बांधलेल्या असतात, त्या सुकतात, गाठी ढिल्या पडतात, माळ लांबते. पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपणच बरी होते, श्रेय माळेला जातं. बी आणि सी कावीळ मात्र माळेनं जात नाही, ती रक्तात मुक्काम करू शकते. त्यांची तपासणी आणि उपचार २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. बीची लस बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांत द्यायची असते.

मग ग्रेड वन आली तर करायचं काय? पुन्हा सोनोग्राफीला माझ्याकडे येऊ नका, माझं नुकसान झालं तरी चालेल. रक्ताचे जुने रिपोर्ट काढा. वय, एसजीओटी, एसजीपीटी (लिव्हरच्या रक्ततपासणीतले दोन आकडे) आणि प्लेटलेट या चार आकड्यांतून 'फिब-४' नावाचा, व्रणांचा अंदाज देणारा एक आकडा निघतो, मोबाइलवर सुद्धा. उदाहरण घ्या. वय ५२, एसजीओटी ४०, एसजीपीटी ३६, प्लेटलेट १ लाख ६० हजार. लॅबच्या कागदावर यातला एकही आकडा ठळक छापलेला नाही, सगळं नॉर्मल. वयाला एसजीओटीनं गुणा, २०८० आले. प्लेटलेटचे हजार घ्या, १६०, त्याला ३६च्या वर्गमुळानं म्हणजे सहानं गुणा, ९६०. भागाकार २.१७. हा आकडा १.३च्या खाली असता तर निश्चिंत. इथं तो वर आहे, म्हणजे या माणसाला फायब्रोस्कॅनला पाठवायचं, लिव्हर कडक झालंय का ते बघायला. पासष्टीच्या पुढे ही रेघ २ला धरतात आणि पस्तिशीच्या आत हा हिशेब फारसा भरवशाचा नाही. पण चार आकडे कपाटातल्या फायलीत पडून होते आणि भागाकार कुणी केला नाही, असे पेशंट मी पाहिलेत.

आणि वजन. मी महिन्याला अर्धा किलो करत वर्षभरात सहा किलो उतरवले. पाच टक्के वजन घटलं तरी चरबी कमी होते, सात ते दहा टक्क्यांनी सूज उतरते, त्याहून जास्त घटलं तर व्रणसुद्धा मागे हटू शकतात. बारीक माणसाला तर तीन-चार किलोसुद्धा पुरतात. साखरेशिवायची कॉफी चालते, कॉफी पिणाऱ्यांत व्रण कमी आढळतात. चहाबद्दल तेवढी खात्री देता येत नाही, याचं मला तुमच्याइतकंच वाईट वाटतं.

चिठ्ठ्या बऱ्याच आल्यात, वेळ संपली आहे. एकच घेतो, कारण अक्षर माझ्या मराठीच्या सरांचं दिसतंय. 'आंब्याचं काय?' सर, आंबा खा. कापून, एक, दोन जेवणांच्या मधल्या वेळी. रस काढलात की चार आंबे कधी पोटात गेले ते कळत नाही, मग त्यात वाटीभर साखर, वर पुरी, आणि नंतर दुपारची झोप. तुमच्याकडे रसाची वाटी केवढी असते ते मला माहीत आहे, शाळेत असताना मी तुमच्या पंगतीला बसलोय.