मॅमोग्राम कोण वाचतं?

(दृश्य: बडोदा, दांडिया बाजार. स्कूटरवर मागे बसलेल्या काकू, मांडीवर फिल्मचं मोठं पाकीट)

पाकिटात जुना मॅमोग्राम आहे, म्हणजे स्तनाचा क्ष-किरण फोटो. रद्दीत गेला नाही, हे नशीब. पुढे त्याचं काम पडणार आहे.

(दृश्य: तपासणीची खोली)

“मासी, श्वास रोको,” टेक्निशियन गुजरातीत सांगते. वरची पारदर्शक पाटी खाली येते, स्तन दाबून सपाट करते. दुखतं थोडं. पण दाबलं नाही तर आतले थर एकमेकांवर चढलेले राहतात आणि गाठ त्यांच्याआड लपते. शिवाय दाबल्यामुळे क्ष-किरणही कमी लागतात. प्रत्येक बाजूचा एक फोटो वरून, एक तिरका. झाले चार.

(दृश्य: अंधारी खोली, दोन मॉनिटर)

इथे दिवे मुद्दाम मंद ठेवलेत. चरबी काळपट दिसते, दुधाच्या ग्रंथी पांढऱ्या. पंचाईत अशी, की गाठही पांढरीच. दाट, म्हणजे ग्रंथी जास्त असलेल्या स्तनात ती शोधणं म्हणजे पांढऱ्या रांगोळीत सांडलेलं मीठ वेचणं.

डॉक्टरबाई डावं-उजवं शेजारी शेजारी लावतात. मग पडद्यावरचं भिंग सरकत जातं, वरून खाली, पुन्हा वर. थांबलं. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक ठिपके, कॅल्शियमचे. विखुरलेले असते तर सहसा काळजी नसते. एकाच जागी, वेडेवाकडे, दाटीनं असले तर पुढची तपासणी. हे मधलेच.

(दृश्य: जुनी फिल्म लाइटबॉक्सवर)

ठिपके तेव्हाही होते. तिथेच, तेवढेच. जुनी फिल्म नसती तर कदाचित सुई टोचून तुकडा काढायची वेळ आली असती. काकू घरी गेल्या.

(दृश्य: भिंग, डॉक्टरबाईंचे डोळे)

सरावलेली नजरही चुकते. 2013 साली अमेरिकन संशोधकांनी फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये चक्क गोरिलाचं चित्र घुसवलं, नेहमीच्या गाठीच्या 48 पट मोठं. 24 रेडिओलॉजिस्टपैकी, म्हणजे असे फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांपैकी, 20 जणांना ते दिसलंच नाही. त्यातल्या बहुतेकांची नजर नेमकी त्याच जागेवरून गेली होती! लक्ष गाठी शोधण्यात होतं.

म्हणून स्वीडनमध्ये मॅमोग्राम दोघं जण वाचतात. तिथे सुमारे 80,000 बायकांवर झालेल्या एका चाचणीचे पहिले आकडे 2023 मध्ये आले. नेहमीच्या दुहेरी वाचनात 203 जणींचा कॅन्सर सापडला, एआयची मदत घेतलेल्या गटात 244 जणींचा. डॉक्टरांचं वाचनाचं काम 44 टक्क्यांनी घटलं. संगणकाचं कौतुक जपूनच करावं, कारण अमेरिकेत आधीच्या पिढीचं असंच सॉफ्टवेअर वापरून अचूकता उलट घसरल्याचं 2007 मध्ये दिसलं होतं.

(दृश्य: बाहेरचा बाक, नंबर पुकारला जातोय)

या सेंटरमध्ये एआय अजून आलेलं नाही. दुसरं मत हवं असेल तर शेजारच्या खोलीतले डॉक्टर आहेत, सोनोग्राफीच्या रांगेतून मोकळे झाले तर.