लाल टोपी, केशरी टोपी आणि घरी येणारी सिस्टर

नमस्कार. माझ्या हातात इन्सुलिनच्या दोन सिरिंज आहेत. एकीची टोपी लाल आहे, दुसरीची केशरी. कॅमेऱ्यात हा फरक कदाचित फारसा जाणवणार नाही, आणि चष्मा न लावलेल्या ८० वर्षांच्या आजोबांनाही तो जाणवत नाही. लाल टोपीची सिरिंज एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट इन्सुलिन असलेल्या कुपीसाठी असते, तर केशरी टोपीची १०० युनिटच्या कुपीसाठी. कुपी ४० ची असताना दुकानातील लाल टोपीच्या सिरिंज संपल्या म्हणून केशरी आणली आणि नेहमीप्रमाणे २० च्या रेघेपर्यंत औषध ओढले, तर अंगात जाते फक्त ८ युनिट. चूक उलट झाली, म्हणजे १०० ची कुपी आणि लाल टोपी, तर त्याच रेघेला ५० युनिट जातात आणि साखर इतकी उतरू शकते की माणूस बेशुद्ध पडतो.

मी घरोघरी जाणारी परिचारिका आहे. एका घरात आजोबांची साखर महिनाभर चढीच होती. डॉक्टरांनी मात्रा वाढवली, घरच्यांनी चोरून गोड खाल्ल्याचा आळ घेतला, आणि आजोबा देवाची शपथ घेऊन नाही म्हणत राहिले. मी त्यांच्या सुनेला म्हटले, "ताई, मला काही सांगू नका, रोज भरता तसे इंजेक्शन फक्त भरून दाखवा." तिने केशरी टोपी काढली आणि उलगडा झाला. मात्र योग्य सिरिंज हातात देऊन निघून येणेही धोक्याचे ठरले असते, कारण मधल्या काळात मात्रा वाढलेली होती. म्हणून तिथूनच डॉक्टरांना फोन लावून ती नव्याने ठरवून घेतली. ओपीडीत हे कळणे अवघडच होते. तिथे कुपी नसते, सिरिंज नसते आणि इंजेक्शन भरणारी सूनही बहुधा नसते.

दीर्घकालीन आजाराचे निदान दवाखान्यात होते, पण तो आजार सांभाळला जातो घरात. म्हणूनच घरी जाणाऱ्या परिचारिकेचे मुख्य काम सुई टोचणे हे नसून पाहणे हे आहे, असे माझे मत आहे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे उदाहरण घ्या. मी प्रथम माकडहाड, खुबे आणि टाचा उघडून पाहते, कारण शय्याव्रण, म्हणजे ज्याला आपण बेडसोअर म्हणतो, ते हाडाजवळच्या कातडीवर सुरू होते. लाल झालेल्या जागेवर बोट दाबून उचलले असता ती क्षणभर पांढरी पडली तर अजून वेळ आहे, आणि ती लालच राहिली तर इजा सुरू झाली आहे, असे समजावे. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, म्हणून तिथे हात लावून ऊब आणि कडकपणा तपासावा लागतो. अशा जागेवर स्पिरिट आणि पावडर चोळण्याची आपल्याकडची पद्धत जुनी आहे, पण चोळल्याने आतील नाजूक पेशींना आणखी इजा होते. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे हा खरा उपाय आहे. हवेची गादी आणली म्हणून कूस बदलण्यातून सुटका होत नाही, हे मला जवळजवळ प्रत्येक घरात सांगावे लागते.

रक्तदाबाचेही असेच आहे. बसून मोजलेला आकडा उत्तम असतो, आणि तरीही आजी पहाटे मोरीपर्यंत जाताना पडतात. त्यांना उभे करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजले आणि वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला, तर पडण्यामागे गोळ्यांचा हात आहे का, हे डॉक्टरांना विचारायला हवे. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.

आता ही सेवा मिळते कुठे? महाराष्ट्रातील खेड्यात पहिली ओळख आशाताईंची. ३० वर्षांवरील प्रत्येकाची जोखीम नोंदवणारा फॉर्म त्या घरी येऊन भरतात आणि मधुमेह, रक्तदाबाच्या तपासणीसाठी उपकेंद्रात पाठवतात. तिथे आरोग्यसेविका असते, आणि २०१८ पासून समुदाय आरोग्य अधिकारी हे पदही आले आहे. तथापि सपाट प्रदेशात एका उपकेंद्रामागे ५,००० लोकसंख्या धरलेली आहे. लसीकरण आणि बाळंतपणे सांभाळून एका अंथरुणावरील आजीकडे आठवड्याला जाणे त्यांना कसे जमावे? केरळने २००८ साली पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे गंभीर आजारातील माणसाचा त्रास कमी करणाऱ्या सेवेचे, धोरण आणले आणि घरभेटीची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांकडे दिली, तेव्हा तिथल्या परिचारिकेला मुळात याच कामासाठी नेमले गेले.

शहरात आपण रुग्णांची देखभाल करणारी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोला फोन करतो. तिथून येणाऱ्या मावशी अंघोळ घालतील, भरवतील, कूस बदलतील, आणि हे काम मुळीच कमी प्रतीचे नाही. परंतु नाकातील नळी बदलणे किंवा जखमेचे ड्रेसिंग करणे हे त्यांचे काम नव्हे. त्यासाठी नोंदणीकृत परिचारिका हवी, आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र मागण्यात संकोच करू नये. खर्चाचा प्रश्न उरतोच. ७० वर्षांवरील सर्वांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. एरवी महिनोन्महिने घरी येणाऱ्या सिस्टरचे पैसे त्यातून मिळत नाहीत.

घरी परिचारिका येत असो वा नसो, एक शंभर पानी वही उशाशी ठेवा. इन्सुलिनची मात्रा, कुपीवरील ४० किंवा १०० हा आकडा, सिरिंजच्या टोपीचा रंग आणि कूस बदलल्याची वेळ तिच्यात लिहा. पेन दोरीने वहीलाच बांधा, नाहीतर ते नातवंडांच्या दप्तरात जाते. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना फाइलबरोबर ही वही आणि रिकामी कुपीही पिशवीत घाला.